फलकावरच्या तीन ओळी

१

आमचा खटला शनिवारी सकाळी साडेदहा वाजता मेला. पुण्याहून आलेल्या एका कागदानं त्याचा जीव घेतला.

फौजदारांनी तो कागद आमच्या वकील विजयमालाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. खुर्ची पुढे करूनही पोलीस बसत नाही तेव्हा बातमी वाईट असते. सव्वीस वर्षं वकिलांकडे कारकुनी करून एवढं तरी मला कळतं.

"गोजरबाईच्या बाळाचा रिपोर्ट आला," फौजदार म्हणाले. "पोटात अफू निघाली. बाई, तुमच्या अशिलाला मला सोमवारी ताब्यात घ्यावं लागेल."

अशील समोरच्या बाकावर बसली होती. सुंदरम्मा. ती रडली नाही, ओरडली नाही. तिच्या हातातला तांब्या हळूहळू तिरका झाला आणि सगळं पाणी पदरावरून पायांवर सांडत राहिलं. तिला ते कळलंही नाही. तिच्याबरोबर आलेल्या, शेजारी बसलेल्या मडिवाळप्पांनी तांब्या काढून घेतला.

सुंदरम्मा गिरणीच्या पाळणाघरात कामाला. रिळं भरणाऱ्या बायका सकाळी सातच्या भोंग्याला आपली तान्ही मुलं तिच्या हवाली करायच्या आणि दहाला दूध पाजायला यायच्या. महिन्यापूर्वीच्या एका बुधवारी गोजरबाई दहाला आली, झोळीत हात घातला, तर सहा महिन्यांचं लेकरू गार पडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सातच्या भोंग्याआधी, गल्लीच्या वार्ताफलकावर खडूनं तीन ओळी उमटल्या:

*गिरणीच्या पाळणाघरात बुधवारी गोजरबाईचं बाळ दगावलं.*
*बाळाच्या पोटात अफू होती.*
*त्या वेळी पाळणाघरात एकटी सुंदरम्मा होती.*

पहिल्या पाळीला जाणारी अख्खी गल्ली तो फलक वाचूनच पुढे जाते. दुपारी नेमाप्रमाणे तो पुसला गेला. तोवर सुंदरम्माच्या दारावर दगड पडले होते, गिरणीनं तिला घरी बसवलं होतं आणि नळावर बायकांनी तिची घागर रांगेतून बाहेर ठेवली होती.

आम्ही फलक लिहिणाऱ्यावर बदनामीची फिर्याद लावली. सगळा जोर मधल्या ओळीवर होता: अफू ही निव्वळ थाप आहे. आता ती थाप खरी निघाली.

फौजदार जिना उतरले आणि आरोपी जिना चढला. महिपती. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, गल्लीच्या मंडळाचा चिटणीस. मिशा पीळदार. अंगापेक्षा आवाज मोठा. सुंदरम्माच्या जागेवर आपल्या बायकोला चिकटवायची खटपट त्यानं दोनदा केलेली, हे माझ्या वहीत होतं.

"वकीलबाई, रिपोट आला म्हनं!" दारातूनच तो म्हणाला. "तीन वळी लिवल्यात मी. तिन्ही खऱ्या. आता ह्यातलं खोटं कुटलं, तेवढं दावा की!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी दाखवते."

मी दचकलो. कारण बाईंना उत्तर माहीत नव्हतं. त्या चष्मा पुसतात तो तेवढ्यासाठीच.

२

मला एक वाईट सवय आहे. माझ्या वहीच्या डाव्या पानावर मी माणूस काय म्हणाला ते लिहितो, उजव्या पानावर तो काय म्हणाला नाही ते. आयुष्यात जी काही माणसं मला कळली, ती उजव्या पानावरून.

महिपती गेल्यावर मी बाईंना सरळ विचारलं, "तिन्ही वाक्यं खरी. मग बदनामी कसली?"

"तिप्पण्णा, मी एक फलक लिहिते. 'काल तिप्पण्णा माझ्याकडे जेवायला आले. जेवून गेले. त्यानंतर चांदीची वाटी सापडेना.' यात खोटं काय आहे?"

मी ताठ झालो. "बाई, तुमच्या मोलकरणीनं ती राखेच्या डब्यात टाकली होती. दुसऱ्या दिवशी मीच शोधून दिली!"

"मी कुठं नाही म्हटलं? मी फक्त लिहिलं नाही." बाई हसल्या नाहीत. "कोर्ट सुटं सुटं वाक्य धरत नाही. तिन्ही वाचून माणसाच्या मनात काय उतरलं, ते धरतं. इथं काय उतरलं? सुंदरम्मानं बाळाला अफू चारली. तेवढी एक गोष्ट खरी की खोटी, एवढाच प्रश्न. आणि ती खरी आहे हे महिपतीनं सिद्ध करायचं असतं, आपण नाही. पण सोमवारी फौजदार येतील, त्यांना हा कायदा ऐकवून भागणार नाही. त्यांना नाव लागेल. अफू कुणाची?"

मडिवाळप्पांनी घसा साफ केला. चौकातलं काष्ठौषधींचं दुकान त्यांचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडी, बोलणं मऊ. सुंदरम्मा त्यांच्याच समाजातली, विधवा, पाठीशी कुणी नाही, म्हणून तिला पहिल्या दिवशी हात धरून आमच्याकडे आणलं ते त्यांनीच. एरवी अशिलाबरोबर येणारे लोक फुकटचा सल्ला देतात. हे मात्र गप्प बसायचे. मला आवडायचे.

"बाई, माझं ऐकाल?" ते म्हणाले. "खटला नको. महिपती माफीचे दोन शब्द लिहून देईल, मी त्याला तयार करतो. फौजदारांच्या पाया पडू. प्रकरण वाढलं की चिखल उडतो, आणि तो बाईमाणसावरच जास्त उडतो. चार ओळींनी बिचारीचं आयुष्य पुसलं, आता आणखी काय पुसायचं राहिलंय?"

"तुम्ही स्वतः तो फलक वाचला होता, आप्पा?"

"नाही हो. बुधवारी बाळाचं ऐकलं, मन लागेना. दुपारच्या गाडीनं अक्कलकोटला गेलो. गुरुवारी संध्याकाळी आलो, तोवर फलक पुसलेला."

ते डाव्या पानावर गेलं. उजवं पान कोरंच राहिलं, आणि पुढं त्याची मला लाज वाटली.

आप्पा दुकान उघडायला गेले. सुंदरम्मा तशीच बसून होती, ओल्या पदरात.

"सुंदरम्मा," बाई खाली वाकून म्हणाल्या, "त्या बुधवारी बाळ कसं होतं? तुझ्या हातात आलं तेव्हा?"

"झोपलेलं, यव्वा." ती प्रथमच बोलली. "गोजरबाईनं दिलं तवाच झोपलेलं. अलीकडं सगळीच झोपलेली येत्यात. पूर्वी सातचा भोंगा वाजला की बारा पोरं एकदम रडायची, कान फाटायचे. आता भोंगा वाजतो आनि झोळी हालत न्हाय. मला भ्या वाटलं. सगळ्यांना सांगितलं की मी. जॉबरला सांगितलं, बायकांना सांगितलं, आप्पांना सांगितलं. म्हटलं, येत्या बुधवारी गिरणीचे डाक्टर येतील, त्यांना पोरं दाखवते."

"येत्या बुधवारी म्हणजे?"

"त्याच बुधवारी, यव्वा. डाक्टर अकराला येणार होते. बाळ दहाला गेलं. पोरं दाखवायची तशीच राहिली."

३

गल्लीत पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चौकात फलक दिसला. काळा, लाकडी, आणि त्यावर पांढऱ्या रंगानं आखलेल्या तीन रेघा. मंडळाचा शिरस्ता असा की एका बातमीला तीन ओळी, मग ती लग्नाची असो की मरणाची. खाली खिळ्यानं ठोकलेली पत्र्याची पेटी. ज्याला बातमी द्यायची त्यानं पेटीत चिठ्ठी टाकायची.

पंधरा जणांना विचारलं, फलकावर काय होतं? एकाला आठवलं 'सुंदरम्मानं अफू पाजली'. दुसऱ्याला 'विष घातलं'. नागव्वा नावाच्या एका बाईनं तर 'हडळ' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता.

"तुम्हाला वाचता येतं?" मी विचारलं.

"न्हाय. पन दिसलं की!"

महिपतीनं आमच्या नोटिशीला दिलेल्या उत्तरात मजकूर अक्षर न् अक्षर लिहून दिला होता म्हणून बरं. नाहीतर गल्लीनं आम्हाला पंधरा फलक दिले असते. पण गंमत पाहा, शब्द कुणाचे जुळत नव्हते, तरी 'तीन वळी' हे सगळे सांगत होते. तिथं चौथी मावतच नाही.

गोजरबाईचं घर म्हणजे एक खोली आणि पत्रा. तिची सासू बजाबाई दारात शेंगा फोडत होती. गोजरबाई भिंतीला टेकून बसलेली. रिकामी झोळी अजून आढ्याला लटकत होती. तिनं ती सोडली नव्हती, आणि घरातल्या कुणाला ती सोडायचा धीर झाला नव्हता.

"त्या सकाळी बाळाला काय दिलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"दूध. आनि गोळी."

"कसली गोळी?"

"बाळगोळी की. सगळ्याच देत्यात. रोज सकाळी एक, दुधात उगाळून. पोर किरकिरत न्हाय, कामाला जाता येतं." तिनं कोनाड्यातून कागदाची पुडी काढली. मोहरीएवढ्या काळपट गोळ्या. "त्या दिशी लई रडत हुतं. दात येत हुते. म्हून मी दोन दिल्या."

बाईंनी एक गोळी तळहातावर घेतली, नाकाशी नेली.

"ही गोळी कुठली, बजाबाई?"

सासूनं मान वर केली नाही. "घरचीच म्हना की. जायफळ आसतंय, वेखंड आसतंय."

"वळली कुणी?"

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला. उजव्या पानावर मी ठळक लिहिलं: कुणी वळली ते म्हणाली नाही.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. सोलापुरात भोंगा नुसता कानात वाजत नाही, छातीत वाजतो. पत्रा थरथरला. कोनाड्यातलं भांडं खाली पडलं. शेजारच्या दारात नागव्वाच्या नातवाची झोळी टांगलेली होती. बाई धावत गेल्या आणि झोळीत वाकल्या.

मूल ढिम्म हललं नव्हतं. बाईंनी त्याच्या टाळूवर पाणी शिंपडलं, गालावर टिचक्या मारल्या, तळवे चोळले. कितीतरी वेळानं त्यानं तोंड वाकडं केलं आणि बारीक रडू काढलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

"टांगा बोलवा, दवाखान्यात न्यायचं याला. आणि या गल्लीत एकाही लेकराला आजपासून ही गोळी द्यायची नाही," बाई म्हणाल्या. "एकाही!"

मागे वळून पाहिलं तर गोजरबाई दारात उभी होती. हातात पुडी. ती एकदा पुडीकडे बघत होती, एकदा बाईंकडे. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं.

४

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी नागव्वाच्या नातवाला ठेवून घेतलं, मग गोळी कुस्करून हुंगली. "पक्कं पुण्यालाच ठरेल. पण हा वास मी विसरणार नाही. अफू आहे."

"डॉक्टर, बाळाचं शवविच्छेदन तुम्हीच केलंत ना? तेव्हा संशय आला होता?"

"खरं सांगू? नाही. मला आकडीचा झटका वाटला. मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा, म्हणजे पोटातले नमुने, पुण्याला पाठवले. रिपोर्ट पाहून मीच हादरलो."

बाईंनी फायलीतून शवविच्छेदनाची नक्कल काढली. तारीख, वार, वेळ. वेळेच्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली.

रविवारी सकाळी आम्ही महिपतीच्या दारात. पठ्ठ्या बनियनवर दाढी करत होता.

"आलात का माफी मागायला?"

"फक्त एक खात्री करायची आहे," बाई पायरीवर बसल्या. जॉबर गांगरला, वकील पायरीवर बसलेला त्यानं पाहिला नसावा. "तुम्ही उत्तरात लिहिलंय, गुरुवारी सकाळी सातच्या भोंग्याआधी फलक लिहिला. नक्की?"

"नक्की म्हंजे? साडेसहाला हातात खडू! शंभर मानसं साक्ष देतील."

"आणि शब्द हेच? 'बाळाच्या पोटात अफू होती'?"

"हेच. आनि खरेच!"

बाईंनी नक्कल त्याच्यापुढे धरली. "वाचा. बाळाचं पोट डॉक्टरांनी उघडलं कधी?"

महिपतीनं साबण लागलेल्या तोंडानं वाचलं. "गुरवार. सकाळी... अकरा." त्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"तुम्ही साडेसहाला लिहिलंत. त्या वेळी ते पोट कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना कल्पना नव्हती, पोलिसांना नव्हती, आईला नव्हती. सोलापुरात एकाच माणसाला माहीत होतं की अफू आहे. ज्याची अफू होती त्याला." बाई थांबल्या. "महिपती, तो माणूस तुम्ही आहात का?"

मी बरीच माणसं घाबरताना पाहिली आहेत. आरोपी घाबरतो तेव्हा डोळे दाराकडे जातात. महिपतीचे डोळे कुठंच गेले नाहीत. ते बाईंच्या तोंडावर खिळले आणि त्यांत पाणी आलं.

"बाईसाएब, देवाशपथ न्हाय! मजकूर माजा न्हाय. पेटीतला हाय! बिगरनावाची चिठ्ठी आली, मी उतरून काडली. अफू वाचलं आनि वाटलं, कुनीतरी दवाखान्यातल्यानंच टाकली आसंल."

"शहानिशा केली?"

"न्हाय."

"का?"

मान खाली घालून तो म्हणाला, "ती जागा माज्या बायकूला पायजे हुती."

हे वाक्य मी डाव्या पानावर लिहिलं. त्याची जागा एरवी उजव्या पानावर असते. माणूस मोठा झाला तो तिथं.

"चिठ्ठी फाडलीत?"

"चिठ्ठी फाडत न्हाई आमी." तो आत गेला आणि खिळ्यावरची तार घेऊन आला. गिरणीत रिळांच्या तिकिटांना भोक पाडून तारेत ओवतात, तशा त्यानं दोन वर्षांच्या चिठ्ठ्या ओवून ठेवल्या होत्या. जॉबरची सवय. एकेक सरकवत त्यानं ती काढली.

वळणदार अक्षर. तीन ओळी आम्हाला पाठ होत्या. पण खाली आणखी एक होती.

*अशा बाईच्या हाती आपली लेकरं द्यायची का?*

"ही चौथी?" मी ओरडलोच.

"फळ्यावर तीनच मावत्यात, अण्णा. आनि ती बातमी न्हवं, सवाल हाय. म्हून सोडली. कुनाला बोललोबी न्हाय."

चौथी ओळ गल्लीनं पाहिली नव्हती. कोर्टात आली नव्हती. ती ठाऊक होती फक्त महिपतीला, आणि जिनं लिहिली किंवा ज्यानं लिहिली त्याला.

मी वही उलटी चाळू लागलो. शनिवारचं डावं पान. तिथं माझ्याच अक्षरात होतं: *चार ओळींनी बिचारीचं आयुष्य पुसलं.*

वही मी बाईंपुढे धरली. त्यांनी वाचलं, आणि चिठ्ठी फायलीत ठेवून त्या महिपतीच्या पायरीवरून उठल्या.

५

मडिवाळप्पांच्या दुकानात सुंठ, ओवा आणि कापूर यांचा एकत्र वास येतो. रविवार दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. आप्पांनी आम्हाला बसायला पाट दिले, लिंबाचं सरबत मागवलं. बाईंनी ग्लासाला हात लावला नाही.

"आप्पा, तुम्ही फलक पाहिला नव्हता ना?"

"नाही, बाई."

"मग ओळी चार होत्या, हे कशावरून?"

"कुणीतरी म्हणालं असेल."

"गल्लीत पंधरा जणांनी पंधरा मजकूर सांगितले. ओळी सगळ्यांनी तीनच सांगितल्या. फलकावर होत्याच तीन. चार चिठ्ठीत होत्या." बाईंनी चिठ्ठी गल्ल्याशेजारी ठेवली. "तुम्ही बुधवारी दुपारी ही पेटीत टाकलीत आणि अक्कलकोटची गाडी धरलीत. फलकावर तीनच उतरल्या, हे बघायला तुम्ही इथं नव्हता."

आप्पांनी चिठ्ठीकडे पाहिलं नाही. बरण्या पुसायचं फडकं घेतलं आणि पुसलेलीच बरणी पुन्हा पुसली.

"हे अक्षर कुणाचंही असेल."

"असेल. या पुडीवर 'सकाळी एक' असं लिहिलंय, तेही कुणाचंही असेल." बाईंनी गोजरबाईची पुडी शेजारी ठेवली. दोन्हीतला 'स' एकाच माणसाच्या हातून उतरलेला होता. ते बघायला तज्ज्ञ नको होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. बजाबाई. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. ती आप्पांकडे न बघता बोलली, "बाईसाएब, गोळी ह्यांचीच. पयल्यापास्नं ह्यांचीच. बाळ गेलं तवा मी रडत आले, तर आप्पा म्हनले, बजाबाई, गोळीचं नाव काडू नगंस, तुज्या सुनंनं दिलीया, पोलीस तिलाच नेतील. म्हून म्या त्वांड मिटलं. महिनाभर मिटलं. काल तुमच्या हातात पुडी दिली, तवा सुनबाई जी बसली, ती आजून उठली न्हाय."

मी आप्पांकडे पाहिलं. विभूतीचे पट्टे, चांदीची करडी, मऊ चेहरा. काहीच बदललं नव्हतं, आणि त्याचाच मला धक्का बसला. मी घरी गेल्यावर दोन्ही पानं पुन्हा पुन्हा वाचली. महिनाभरात त्या माणसानं आमच्यापुढे एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं. फलक पाहिला नाही, खरं. अक्कलकोटला गेलो, खरं. बाळाचं ऐकलं आणि मन लागेना, हेही अगदी खरं.

"अफू थोडीच घालत होतो," अखेर ते म्हणाले. आवाज तोच, मऊ. "पूर्वीपासून घालतात. बायकांना कामाला जायचं असतं, मुलं झोपायला हवी असतात. यंदा माल कडक निघाला. मला काय माहीत ती दोन देईल?"

"आठ दिवस आधी सुंदरम्मानं तुम्हाला सांगितलं होतं. पोरं भोंग्याला उठत नाहीत म्हणून."

"सांगितलं होतं."

"ती बुधवारी डॉक्टरांना दाखवणार, हेही."

"होय."

"आणि ती बोलायच्या आत तिचंच तोंड काळं करायचं, म्हणून चिठ्ठी. आणि ती भलत्याच वकिलाकडे जाऊ नये, म्हणून तिचा हात धरून तुम्हीच तिला माझ्याकडे आणलंत."

आप्पांनी फडकं घडी करून ठेवलं. मग सरळ बाईंच्या डोळ्यांत बघून त्यांनी तेच विचारलं, जे महिपतीनं विचारलं होतं. "बाई, त्या चिठ्ठीत मी खोटं काय लिहिलं? बाळ गेलं. अफू होती. ती एकटी होती. एक तरी शब्द खोटा दाखवा."

"शब्द एकही नाही," बाई उठल्या. "पण ते वाचून माणसांनी दगड उचलले, ते कुणाच्या दाराकडे फेकले, आप्पा? तुमच्या की तिच्या? तुम्हाला खरं ठाऊक होतं, आणि तुम्ही खऱ्याचेच तुकडे असे मांडलेत की सगळी बोटं दुसऱ्या दाराकडे वळावीत. याहून मोठं खोटं मला कायद्याच्या पुस्तकात सापडलेलं नाही."

बाहेर, बाईंच्या निरोपावरून आलेले फौजदार उभे होते. या वेळी ते आत येऊन बसले.

६

सोमवारी सकाळी साडेसहाला फलकापुढे एवढी गर्दी मी गणपतीतही पाहिली नाही. महिपती खडू घेऊन उभा होता. कोर्टात माफी तो मागणारच होता. पण सुंदरम्मानं सांगितलं होतं, जिथं लिहिलंस तिथंच पूस.

बाईंनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, "दुकानाचं नाव घालू देऊ नका. निकाल लागायचा आहे. नाहीतर मला दुसरी फिर्याद लढवावी लागेल, तीही मडिवाळप्पांच्या बाजूनं."

महिपतीनं पहिली ओळ लिहिली: *गोजरबाईच्या बाळाच्या पोटातली अफू विकतच्या बाळगोळीतली होती, ती गोळी कुणी देऊ नये.*

दुसरी: *सुंदरम्मानं अफू दिली नाही, मी शहानिशा न करता लिहिलं, ते खोटं होतं.*

गर्दीतून एक लांब श्वास निघाला. नळावर जिनं घागर बाजूला ठेवली होती ती नागव्वा मोठ्यानं म्हणाली, "मी तर पयल्यापासनंच म्हनत हुते!" कुणी हसलं नाही. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

महिपतीनं तिसऱ्या रेघेवर खडू टेकवला. *त्या सकाळी दोन गोळ्या...* इथवर लिहून झालं होतं. मी गर्दीत पाहिलं. बजाबाईच्या खांद्याला धरून गोजरबाई उभी होती. दोन दिवसांत ती दहा वर्षांनी थकली होती. ती फलकाकडे बघत नव्हती, फक्त खडूच्या प्रत्येक आवाजाला अंग चोरत होती.

"थांब." सुंदरम्मा पुढे झाली. महिनाभर जिचा आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता, ती बोलली म्हणून सगळे गप्प झाले. "काय लिवतोस?"

"बाळाला कुनी दिल्या ते." महिपती गोंधळला. "खरं हाय की ते, सुंदरम्मा. समद्यांना ठावं हाय. नीट लिवतो ह्या टायमाला, तपास करून."

"व्हय, खरं हाय," सुंदरम्मा म्हणाली. "तवाबी खरंच लिवलं हुतंस की."

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि ती अर्धी ओळ स्वतःच्या हातानं पुसली. मग गर्दीतून सरळ गोजरबाईपाशी गेली. तिच्यापाशी थांबली. नुसता हात पुढे केला, पाळणाघराच्या दारात रोज सातला करायची तसा.

गोजरबाईच्या हातांत द्यायला काही नव्हतं. तिनं त्या हातावर कपाळ टेकलं.

सातचा भोंगा झाला. गल्लीभर झोळ्यांतून पोरं दचकून उठली आणि एकदम रडायला लागली, कान फाटतील अशी. गर्दी हलेना. सगळे फलकाकडे बघत उभे राहिले. वर दोन ओळी होत्या, खाली ओल्या फळ्यावर एक पांढरी रेघ, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

मी वही उघडली. उजव्या पानावर ती रेघ ओढली आणि वही मिटली.